न्हाणीत आलेला रंग

"ए म्हातारे, संडासात पाणी टाकतीस का न्हाय?"

बापू आमच्या फाटकात उभा राहून बोलला. गल्लीला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं. त्याच्या मागं त्याच्या खोल्यांवर उतरलेले भाविक उभे होते. बायकांनी नाकाला पदर लावलेला. पौर्णिमा होती. पौर्णिमेला येरमाळ्यात येडाई देवीच्या दर्शनाला गर्दी असते.

आई पायरीवर बसून लोकर कातत होती. तिच्या हातातली चाती थांबली. सत्तरी ओलांडलेली बाई. ती उठायला लागली, जणू तिच्या बसण्यानंच वास येत होता.

बापू भाविकांकडं वळला.

"मेंढरामागं हिंडल्याली माणसं हायती. उघड्यावर बसायची सवय. घर बांधलं, पर संडास वापरायला दोन पिढ्या जात्याल."

लोक हसले. एकजण तोंड फिरवून हसला, त्याला थोडी लाज असावी. बाकीचे सरळ हसले.

मी साखर कारखान्यात ऊस मोजणाऱ्या काट्यावर कारकून आहे. त्या दिवशी सुट्टीवर होतो. दाराशी उभा होतो. बापूनं माझ्याकडं बोट केलं.

"कारकून, बघतूस काय? उघड तुझं चेंबर. सगळ्यांसमोर उघड. कळू दे घाण कुणाची हाय ती."

मी उघडलं. पहार आणली, फाटकाजवळचं सिमेंटचं झाकण सरकवलं. चेंबर काठोकाठ भरलेलं. वर तरंगणारं सगळं दिसत होतं. बायका मागं सरल्या.

"बघा," बापू म्हणाला. "तीन माणसांचं घर. तीन माणसं एवढी घाण करत्यात!"

मग मी बादलीनं ते उपसलं. बापू तिथंच उभा होता. बादली भरली की म्हणायचा, "अजून हाय, अजून हाय." मी भरत होतो. माझा शर्ट कोपरापर्यंत भिजला. आई पायरीवरून आत गेली आणि तिनं दार लोटून घेतलं.

तीन माणसं. तो आकडा बापूनं स्वतःच्या तोंडानं मला दिला होता. आयुष्यभर आकड्यांत घालवलेला मी माणूस. त्या दिवशी मला तो आकडा ऐकू आला नाही. मान खाली घातली की कान बंद होतात.

आमचं घर गल्लीच्या टोकाला, उताराला. मागच्या बाजूला, चढावर, बापूचं. त्याची हायवेला लागून जमीन, हायवेवर दुकानं, आणि घराच्या वर भाविकांसाठी बांधलेल्या दोन मजली खोल्या. मंगळवारी, शुक्रवारी, पौर्णिमेला, नवरात्रात खोल्या भरतात. चैत्राच्या जत्रेला तर व्हरांड्यातही माणसं झोपतात. बापू गावात मोठा माणूस. भांडण मिटवायचं तर बापू, लग्न जमवायचं तर बापू.

आमच्या बापानं शेवटची मेंढरं विकून हा प्लॉट घेतला. घर मी बांधलं. बाप त्या घरात राहिला नाही, आधीच गेला. आई राहिली. आयुष्यभर पालात झोपलेली बाई, तिला पक्क्या घरात काय आवडलं असेल तर तो संडास. आतून कडी लागणारा. रोज सकाळी ती तो ब्रशनं घासायची. बायको म्हणायची, "आत्याबाई, राहू द्या, मी करते." आई म्हणायची, "राहू दे गं. म्हातारपणी आडोसा मिळालाय मला. म्या घासते त्याला."

अशा बाईला बापूनं विचारलं होतं, पाणी टाकतीस का न्हाय.

त्या दिवसापासून आईनं घरातला संडास सोडला.

तिनं सांगितलं नाही. आम्हाला उशिरा कळलं. उजाडायच्या आधी ती तांब्या घेऊन खालच्या ओढ्याकडं जायची. बायकोनं एकदा तिला परत येताना पाहिलं. लुगडं गुडघ्यापर्यंत ओलं, कुसळं लागलेली. मी रागावलो. ती म्हणाली, "माझ्यामुळंच तुंबतंय रं. तुम्ही दोघंच वापरा. मला सवय हाय भाईरची."

मी म्हणालो, "आई, तुझ्यामुळं नाही."

"मग कुणामुळं?"

उत्तर आमच्याच अंगणात, जमिनीखाली दीड फुटावर पडलेलं होतं.

तुंबणं थांबलं नव्हतं. मी बांबूच्या कामट्या आणून चेंबरमधून घराच्या बाजूला घातल्या. सरळ आत गेल्या, कुठं अडकल्या नाहीत. टाकीच्या बाजूला घातल्या, तिकडंही मोकळं. औषधाच्या बाटल्या ओतल्या. मैला उपसायची गाडी बोलावली, टाकी रिकामी केली. गाडीवाला झाकण लावत म्हणाला, "साहेब, आता बिनघोर राहा. तीन माणसाला ही टाकी लई झाली." पुढच्या पौर्णिमेला न्हाणीच्या जाळीतून पुन्हा काळं पाणी वर आलं. आणि फाटकात बापू.

"कारकून, भाविक आलेत. जरा उपस की."

मी उपसलं. पुन्हा. गल्लीतल्या पोरांनी मला नाव ठेवलं होतं, उपसेसाहेब. कारखान्यात काट्याच्या खिडकीपाशी उभा असलेला एक ट्रॅक्टरवाला आमच्या गावचा निघाला. रांगेतल्या सगळ्यांसमोर म्हणाला, "साहेब, इथं उसाचं वजन करता, घरी कशाचं करता?" रांग हसली. मी पावती फाडून त्याच्या हातात दिली.

मग आई ओढ्यात पडली.

उतारावर पाय घसरला. खुब्याचं हाड मोडलं. कुणा शेळीवाल्यानं पाहिलं, आम्हाला हाक मारली. दवाखाना झाला, बार्शीला नेलं, परत आणलं. डॉक्टर म्हणाले, या वयात असंच असतं, अंथरुणात ठेवा, सांभाळा.

अंथरुणात तिनं पाणी प्यायचं सोडलं.

हे मी कधी विसरणार नाही. मी फुलपात्र तोंडाला लावायचो, ती ओठ मिटून घ्यायची. "नगं. पाणी पिलं की जावं लागतंय. मग पुन्यांदा तुंबंल. पुन्यांदा तो येईल." तो म्हणजे कोण ते ती बोलत नव्हती. घरात त्याचं नाव घ्यायची गरज नव्हती. बायको चमच्यानं पाणी घालायची. अर्धं गालावरून उशीत जायचं. लघवीला जळजळ, ताप, मग शुद्ध हरपणं. थंडीत ती गेली.

दहाव्याला बापू आला. सतरंजीवर मांडी घालून बसला, चहा घेतला. माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "सुटली बिचारी. आता तरी तुझी लाइन नीट चालंल."

मी मान हलवली. तो मोठा माणूस. मोठा माणूस सांत्वनाला आला की मान हलवायची, असं आम्हाला लहानपणापासून शिकवलेलं. त्याचा हात खांद्यावर किती जड होता ते मला अजून आठवतं.

आई गेली आणि तुंबणं चालूच राहिलं.

तेव्हा माझं डोकं उघडलं. इतके महिने ज्या माणसावर आळ होता ते माणूस घरात उरलं नव्हतं. आता दोघंच होतो. आणि चेंबर तेवढंच भरत होतं.

काट्यावर आमचं काम सरळ असतं. भरलेला ट्रॅक्टर वजनाला येतो, मोकळा परत जातो. भरल्यातून मोकळा वजा केला की ऊस. ऊस जास्त दिसला तर गाडीत काहीतरी ऊस नसलेलं आहे. दगड, माती, पाणी. आकडा खोटं बोलत नाही, गाडीत कुणीतरी काहीतरी घातलेलं असतं. हा हिशेब मी रोज दुसऱ्याच्या गाड्यांना लावतो. स्वतःच्या घराला लावायला आई जावी लागली.

गच्चीवर पाचशे लिटरची टाकी. आमच्याकडं पाणी जपूनच वापरावं लागतं. भरलेली टाकी आम्ही दोघं आरामात दोन दिवस पुरवतो. खाली मैल्याची टाकी सहा फूट लांब, चार फूट रुंद, पाच फूट खोल, तिच्यापुढं शोषखड्डा. आम्ही दिवसाला जेवढं पाणी सोडतो त्यानं ते तुंबायला नको. शक्यच नाही. मी ढाळ मोजला, गवंडी वापरतात ती पाणी भरलेली नळी घेऊन. घरापासून टाकीपर्यंत चाळीस फुटांना एक फूट. चार इंची पाइपाला हवा तेवढाच. पाइप बरोबर, ढाळ बरोबर, टाकी बरोबर. मग चूक कुठं?

या काळात मी शिकलो ते लिहून ठेवतो, कारण मला कुणी सांगितलं नव्हतं. कुणी सांगितलं असतं तर माझी आई घरातल्या संडासात कडी लावून बसली असती.

घरातलं एकच भांडं तुंबलं आणि बाकी सगळं वाहतंय, तर दोष त्या भांड्याजवळ. तिथंच काहीतरी अडकलंय. सगळंच एकदम सावकाश व्हायला लागलं, न्हाणी, मोरी, संडास, तर दोष पुढं, मोठ्या लाइनीत किंवा टाकीत. संडासात पाणी टाकल्यावर न्हाणीच्या जाळीत गुडगुड झाली तर आत कोंडलेली हवा वाट शोधतेय, पुढं पाण्याला जागा नाही. न वापरलेल्या न्हाणीतून वास आला तर बहुतेक जाळीखालच्या वाटीतलं पाणी वाळलंय, तांब्याभर पाणी ओतून बघा आधी, माणसावर आळ घेऊ नका. उन्हाळ्यात सगळं अंगण करपलेलं आणि शोषखड्ड्यावर तेवढं हिरवंगार गवत, तर खड्डा पाणी जिरवायला दमलाय, बाहेर सोडतोय. आणि घाण वर यायची झाली तर आधी सगळ्यात खालच्या तोंडातून येते. चढावरचं घर कोरडं राहतं. उतारावरच्याच्या न्हाणीत येते.

शेवटची खूण सगळ्यात मोठी. तुम्ही पाणी सोडलं नाही आणि तरी पाणी वर आलं, तर ते पाणी तुमचं नाही.

आमच्या न्हाणीत पाणी आमच्या धुण्याच्या दिवशी येत नव्हतं. मंगळवारी येत होतं. शुक्रवारी. पौर्णिमेला हमखास. आमच्या घराला देवीचा वार कधीपासून लागला?

हे मला कळलं होतं, पण कळणं वेगळं आणि बापूसमोर उभं राहून बोलणं वेगळं. तो म्हणाला असता, पुरावा दाखव. आणि गल्ली पुन्हा हसली असती.

रंगपंचमी आली.

आमच्यात घरातलं माणूस गेलं की वर्ष होईपर्यंत रंग लावत नाहीत. होळीला पुरण नाही, पंचमीला रंग नाही. गल्लीतल्या पोरांनाही माहीत, त्यांनी आमच्या फाटकावर एक थेंब उडवला नाही. एवढं वळण पोरांना होतं. आमची मोरी सकाळपासून कोरडी होती. पाणी आलं नव्हतं, गच्चीवरची टाकी तळाला गेलेली, म्हणून बायकोनं धुणंसुद्धा काढलं नव्हतं.

मागं बापूच्या वाड्यात मात्र धुमाकूळ. मुलं, सुना, नातवंडं, पाव्हणे, हौदात बुडवाबुडवी, गाणी. दुपारी गाणी थांबली. सगळे अंघोळीला गेले.

बायको न्हाणीच्या दारात उभी राहून म्हणाली, "अहो, इकडं या." आवाज वेगळा होता. मी गेलो. तिनं जाळीकडं बोट केलं.

जाळीतून गुलाबी पाणी वर येत होतं.

आधी गुलाबी. मग त्यात हिरवं मिसळलं. मग जांभळट, गढूळ. साबणाचा फेस. आमच्या कोरड्या फरशीवर ते पसरत चाललं होतं. आई बसायची त्या दगडाच्या कडेला लागलं आणि वळसा घालून उंबऱ्याकडं आलं.

बायको हळू म्हणाली, "आपल्या घरात रंग न्हाय."

मी चेंबरचं झाकण सरकवलं. घराच्या बाजूच्या पाइपातून भरत आलेल्या चेंबरात रंगीत पाणी उसळत होतं. घरात एक नळ चालू नव्हता. म्हणजे घर आणि चेंबर यांच्या मधे, आमच्याच अंगणाखाली, कुणाचा तरी पाइप येऊन मिळालेला होता.

मी बादली घेतली. भरली. आणि आयुष्यात पहिल्यांदा ती बादली घेऊन चढ चढलो.

बापू अंगणात खुर्चीवर बसलेला, केस ओले, कानात अजून हिरवा रंग. पाव्हणे आसपास. मला बादलीसकट बघून एकजण म्हणाला, "बापू, कारकून रंग खेळाया आला!"

हशा झाला. मी बादली बापूच्या पायाशी ठेवली.

"बापू, हा तुमचा रंग. माझ्या न्हाणीत आला."

त्यानं आत वाकून पाहिलं. वास आला असणार, कारण त्यानं मान झटकन मागं घेतली. पण मी त्याच्या चेहऱ्याकडं बघत होतो. ज्याला काही माहीत नसतं तो आधी चकित होतो. बापू चकित झाला नाही. त्यानं आधी पाव्हण्यांकडं बघितलं.

"सणावाराचं काय घेऊन आलास हे? दुखवट्यातलं माणूस, घरी बस."

"तुमच्या खोल्यांचा पाइप माझ्या लाइनीत आहे."

"कोण म्हणतंय?"

"रंग म्हणतोय."

आता कुणी हसलं नाही. बापू उठला, माझ्या जवळ आला, आवाज खाली घेतला.

"आसंल तर आसंल. बांधकामात हुतंय इकडंतिकडं. त्यात एवढं काय?"

"माझी आई गेली."

"म्हातारी वयानं गेली. पाइपानं कुणी मरतंय व्हय?"

मी बादली तिथंच सोडून घरी आलो. दुसऱ्या दिवशी कुदळ घेतली आणि स्वतःचं अंगण खणलं.

फरशी उचकटली. दीड फुटावर आमचा पाइप लागला. त्याच्या मागोमाग खणत गेलो. घरापासून अकरा फुटांवर आमच्या पाइपाला तिरका सांधा जोडलेला, आणि त्यातून एक पाइप मागच्या भिंतीखालून चढाकडं गेलेला. नीट, पक्का, सोल्युशन लावून बसवलेला. चुकून असं होत नाही. चुकीला ढाळ देत नाहीत.

खणताना गल्ली जमली. हणमंत गवंडीही आला. आमच्या घराचं काम त्यानं केलं होतं, आणि त्याच वर्षी बापूच्या खोल्यांचंही. मी गळीत हंगामात दिवसरात्र कारखान्यावर होतो तेव्हा अंगणाची फरशी बसली होती. मी त्याच्याकडं नुसतं बघितलं.

"मागं काळा पाषाण लागला साहेब," तो म्हणाला. "बापूची टाकी हाताभरापेक्षा खाली जाईना. बापू म्हनलं, खालच्याच्या लाइनीत सोड, माझं बोलणं झालंय त्याच्यासंगट. म्या सोडली."

"मला विचारलं का?"

"तुमाला कशाला विचारायचं? बापू म्हनलं ना."

त्याच्या बोलण्यात लबाडी नव्हती. त्याला खरंच तसं वाटलं होतं. बापू म्हनलं ना. आमच्या गावात याला परवानगी म्हणतात.

तेव्हा मला सगळं एका ओळीत दिसलं. फाटकात उभा राहून "उघड चेंबर" म्हणणारा माणूस आत काय आहे ते जाणून होता. "तीन माणसं एवढी घाण करत्यात" म्हणणाऱ्याला चौथं, दहावं, पन्नासावं माणूस कुठलं ते माहीत होतं. माझ्या आईला तोंडावर विचारणाऱ्याला उत्तर पाठ होतं. मी बादली भरत होतो आणि तो स्वतःचं मोजत होता, "अजून हाय, अजून हाय." आणि दहाव्याला तो चहा पिऊन गेला.

संध्याकाळी तो स्वतः आला. एकटा. खड्ड्याच्या कडेला उभा राहिला. पहिल्यांदा त्यानं मला नावानं हाक मारली.

"हे बघ, झालं ते झालं. वीस-पंचवीस दिसांवर जत्रा हाय. खोल्या सगळ्या ठरल्यात. जत्रा हू दे, मग बघू. तुझी टाकी मोठी करून देतो, सगळा खर्च माझा. शेजारधर्म हाय, मिटवून टाकू."

"मिटवतो," मी म्हणालो. "पौर्णिमेला जमली होती तेवढी माणसं जमवा. माझ्या फाटकात या. तुमच्या हातानं हे झाकण उघडा, तुमच्या हातानं उपसा, आणि म्हणा की ही घाण माझी होती, त्या माउलीची नव्हती. एवढं करा. मग पाइपाचं बोलू."

मी चेष्टा करतोय असं त्याला वाटलं असावं. मग त्याचा चेहरा जागेवर आला, फाटकातला चेहरा.

"तुझ्या आईसाठी म्या गटारात हात घालू?"

"माझ्या आईसाठी नाही. तुमचंच आहे ते."

"येडा झालास व्हय रं? तुमची लायकी काय, बोलतूस काय?"

"मग मी हा पाइप उद्या कापतो. माझ्या जागेत आहे. जत्रेपर्यंत तुम्हाला वेळ आहे, पाषाण फोडा."

"कापून बघ," तो म्हणाला.

मी कापून बघितला. दुसऱ्या दिवशी, उजेडी, गल्लीतली माणसं उभी असताना. करवतीनं माझ्या बाजूचा सांधा काढला, तिथं सरळ पाइप बसवला. भिंतीच्या बाजूच्या तोंडाला टोपण लावलं, सोल्युशन लावून घट्ट, आणि वर सिमेंटचा ठोकळा ओतला. हात दोन्ही माझे. मग बापूच्या अंगणात जाऊन त्याच्या मुलांसमोर, गड्यांसमोर मोठ्यानं सांगितलं, "पाइप बंद केलाय. आता पाणी सोडाल ते तुमच्याच घरात उभं राहील. नंतर म्हणू नका सांगितलं नाही." अंधारात वार करणारा मी नव्हे.

त्यानं पाषाण फोडला नाही. मी घाबरून टोपण काढीन, याची त्याला खात्री होती. लोक पाठवले. भावकीतला एकजण आला, म्हणाला, देवीच्या भाविकांचा प्रश्न आहे. एक माझ्या साहेबाच्या ओळखीचा आला, नोकरीची आठवण देऊन गेला. बायको त्याला म्हणाली, "भाऊजी, चहा घ्या. टोपण मातुर न्हाय निघायचं."

जत्रा भरली. खोल्या भरल्या. व्हरांडे भरले.

पालखीच्या दिवशी सकाळीच बापूच्या खालच्या मजल्यावर पाणी उभं राहिलं. मग ते दारांतून बाहेर आलं. ओरडाआरडा आम्हाला भिंतीपलीकडून ऐकू येत होता. भाविक सामान डोक्यावर घेऊन निघाले. एक बाई बापूला तोंडावर म्हणत होती, "घाणेरडी माणसं! देवीच्या दारात राहता आन् संडास नीट ठेवता येत न्हाय व्हय?" गच्चीवर चढून मी पाहिलं. बापूनं धोतर गुडघ्यावर खोचलेलं. हातात बादली. भरत होता, फेकत होता, भरत होता.

मी खाली आलो. आईच्या जागेवर, पायरीवर बसलो. बायकोनं चहा आणला. सावकाश प्यालो. मला आनंद झाला. कुणी विचारलं तर मी खोटं बोलणार नाही. लई आनंद झाला. भिंतीपलीकडं बादली आपटली की मी मनात म्हणत होतो, अजून हाय. अजून हाय.

तेवढ्यात फाटकात एक म्हातारी उभी राहिली. बापूच्या खोल्यांतून बाहेर पडलेली, भूमकडची. सुनेचा हात धरून. सून खाली बघत म्हणाली, "दादा, सासूबाईला... जरा अडचण हाय. रानात कुठं जागा हाय का?"

बायको माझ्या आधी उठली. तिनं म्हातारीचा हात धरला.

"रानात कशाला आई? आत चला. आतून कडी लागती. बिनघोर बसा. आन् पाणी भरपूर टाका, आमचं तुंबत न्हाय."

त्या दिवशी आमच्या संडासाला रांग लागली. गच्चीवरची टाकी संपली, मी टँकरवाल्याकडून पाणी आणलं. अनोळखी म्हाताऱ्या बायका, एकामागं एक. चेंबर उघडून बघितलं. खळाळून वाहत होतं. एवढी माणसं आत गेली, टाकीनं एका दिवसाचा तो भार सोसला. माझी आई तर एकटी होती.

जत्रा सरली. बापूनं आता यंत्र आणून पाषाण फोडायला घेतलाय. दिवसभर भिंतीपलीकडून घरघर येते. करू दे. त्याची टाकी होईल, खोल्या पुन्हा भरतील. गावातले म्हणतात, आता तुझं झालं ना? मिटलं ना?

मिटलं नाही.

कापून काढलेला तिरका सांधा मी फेकला नाही. धुतला, उन्हात वाळवला आणि फाटकाच्या खांबाला तारेनं बांधला. बापूनं दोनदा माणूस पाठवला, काढ म्हणून. काढला नाही. खोल्यांकडं जाणारे भाविक वाट विचारायला थांबतात, त्याच्याकडं बघतात, विचारतात, हे काय?

मी सांगतो. सगळं. कुणाचा पाइप, कुणाची न्हाणी, कुणाची आई. सांगून झालं की चढाकडं बोट करतो, खोल्या तिकडं आहेत म्हणून.

तो या फाटकात येऊन आपल्या हातानं झाकण उघडीपर्यंत मी सांगणार. मी गेलो तर बायको सांगेल. आणि तो आधी गेला, तर दहाव्याला मी त्याच्या घरी जाईन. सतरंजीवर बसेन. चहा घेणार नाही. त्याच्या मुलांना विचारीन, बापानं सांगायचं राहिलेलं आता तुमच्यातला कोण सांगतोय?